मँगो हा शब्द मुळात कैरीचा

शब्दांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या वेळच्या टपालातील तीन पत्रे एकाच फळाभोवती फिरणारी निघाली. वैशाखात कोकणातून येणाऱ्या पत्रांत दुसरे काय असणार? तेव्हा ती एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यातील एका लहान गावात राहते. तिच्या शेजारच्या, ऐंशीच्या घरातील आजीबाईंनी एकदा ‘आमच्या परसातले मँगो’ म्हणून तिला एक टोपली आणून दिली. तिथल्या थंडीत आंबा कसा होईल, म्हणून मुलीने टोपलीवरचे फडके बाजूला केले, तर आत हिरव्यागार ढोबळ्या मिरच्या! आजीबाईंचा काही घोटाळा झाला असावा असे आम्ही धरून चाललो होतो; पण त्यांच्या सुनेनेही ‘पूर्वी इकडे सगळे असेच म्हणत’ असे सांगितले. ढोबळ्या मिरचीला मँगो का म्हणतात? आणि मुळात ‘मँगो’ हा शब्द आला कुठून? आपल्या ‘आंबा’शी किंवा संस्कृत ‘आम्र’शी त्याचे काही नाते दिसत नाही.
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : आजीबाईंचे काही चुकलेले नाही. ओहायो, इंडियाना, केंटकी, पेनसिल्व्हेनिया या भागांतील जुन्या पिढीचे लोक हिरव्या ढोबळ्या मिरचीला मँगोच म्हणत आले आहेत. मात्र हा प्रकार नीट कळण्यासाठी आपला दुसरा प्रश्न आधी घ्यावा लागतो, कारण आंब्यापासून मिरचीपर्यंतची या शब्दाची वाट लोणच्याच्या बरणीतून जाते.

‘आंबा’ आणि ‘मँगो’ यांचे नाते दिसत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. संस्कृत ‘आम्र’पासून प्राकृतात ‘अंब’ झाले आणि त्यातून आपला ‘आंबा’ आला. मधला ‘ब’ कोठून उपटला असे कोणी विचारील, तर ‘म’साठी मिटलेले ओठ ‘र’साठी उघडताना तो आपसूक उमटतो, ‘ताम्र’चे ‘तांबे’ झाले तेही याच रीतीने. ‘मँगो’चे घराणे निराळे आहे. तो द्राविडी भाषांतील शब्द आहे आणि एका शब्दाचा नसून दोन शब्दांचा जोड आहे. तमिळमध्ये ‘मा’ म्हणजे आंब्याचे झाड आणि ‘काय्’ म्हणजे झाडावरचे अजून न पिकलेले फळ. दोन्ही जुळून ‘मांगाय्’ असा उच्चार होतो, आणि मलयाळममध्ये त्याचेच ‘माङ्ङ’ झाले आहे. पिकलेल्या फळाला या भाषांत ‘पळम्’ हा दुसराच शब्द आहे, त्यामुळे पिकलेला आंबा तो ‘माम्पळम्’. याचा अर्थ असा की, आज लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत पिवळ्याधमक, रसाळ आंब्याला ज्या नावाने हाक मारतात, ते नाव मुळात आंब्याचे नसून कैरीचे आहे.

‘काय्’ आणि ‘पळम्’ यांतील भेद पाहण्यासाठी सिंधुदुर्गातील वाचकांना तमिळनाडूपर्यंत जाण्याचे कारण नाही. आंबोली घाट उतरून आले की सावंतवाडीच्या बाजारात कन्नड कानांवर पडतेच, आणि कन्नडमध्ये कैरीला ‘माविनकायि’ तर पिकल्या आंब्याला ‘माविनहण्णु’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी बेळगावकडचा एक व्यापारी रायवळ आंब्यांची पाटी पुढ्यात घेऊन बसलेला मी पाहिला होता. एकेक फळ उचलून देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबायचे, दबले नाही तर ‘कायि’ म्हणून डाव्या हाताला ठेवायचे आणि दबले तर ‘हण्णु’ म्हणून उजव्या हाताला, असे त्याचे काम एका लयीत चालले होते. पोर्तुगीज खलाशांना असा एखादा माणूस वेळेवर भेटला असता, तर इंग्रजी भाषेत आज आंब्यासाठी कदाचित दोन शब्द असते.

खलाशांचा उल्लेख आला, कारण हा शब्द युरोपात नेला तो त्यांनीच. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात मलबार किनाऱ्यावर कालिकतजवळ उतरला. गोवा पोर्तुगीजांच्या हाती आला तो १५१० मध्ये. मधली बारा वर्षे हे लोक मिरीच्या व्यापारासाठी प्रामुख्याने मलबारातच वावरले, आणि तिथल्या झाडाफळांची जी नावे त्यांच्या कानांवर पडली ती मलयाळम होती. ‘माङ्ङ’चे पोर्तुगीज भाषेत ‘मंगा’ झाले. काही कोशकार मध्ये मलाय भाषेची एक पायरी घालतात, कारण पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का जिंकले आणि मलाय भाषेतही आंब्याला ‘मंग्गा’च म्हणतात, परंतु मलाय भाषेने हा शब्द तमिळकडूनच उचललेला असल्यामुळे कोणत्याही वाटेने गेले तरी आपण कैरीपाशीच येऊन पोहोचतो. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. पोर्तुगीज भाषेत सदऱ्याच्या बाहीलाही ‘मंगा’च म्हणतात. हा निव्वळ योगायोग आहे. तो लॅटिनमधून आलेला दुसरा शब्द आहे.

इंग्रजांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला आणि शेवटच्या ‘आ’चा ‘ओ’ केला. परक्या फळाभाज्यांची नावे ओकारान्त करून टाकण्याची खोड त्यांना होती असे दिसते, कारण ‘पटाटा’चे ‘पोटॅटो’ही त्यांनीच केले. आपण मात्र ‘बटाटा’ म्हणताना पोर्तुगीज ‘आ’ शाबूत ठेवला आहे.

आपण बागायतदार आहात म्हणून हेही सांगावेसे वाटते की, मलबारातील त्या बारा वर्षांनी केवळ आंब्याचे नाही, तर कोकणातल्या अख्ख्या वाडीचे इंग्रजी नामकरण मलयाळममध्ये करून टाकले आहे. फणसाला इंग्रजीत ‘जॅक’ म्हणतात. तो कोणी जॅक नावाचा साहेब नसून मलयाळम ‘चक्क’, पोर्तुगीज ‘जाका’ या वाटेने आलेला फणसच आहे. काथ्याचा ‘कॉयर’ म्हणजे ‘कयर्’, सुक्या खोबऱ्याचा ‘कोप्रा’ म्हणजे ‘कोप्पर’, विड्याच्या पानाचा ‘बीटल’ म्हणजे ‘वेट्टिल’ आणि सागाचा ‘टीक’ म्हणजे ‘तेक्क्’. सुपारीच्या ‘अरेका’ या नावात तर पुन्हा आपला ‘काय्’च लपलेला आहे, कारण ते ‘अडय्क्का’ या शब्दाचे रूपांतर असून त्याचा शेवटचा भाग तोच आहे. आपल्या परड्यात उभे राहून आपण इंग्रजी बोलू लागलो, की नकळत मलबारची भाषा बोलत असतो.

कैरीचे नाव पिकल्या फळाला चिकटावे हे मला तरी फारसे विचित्र वाटत नाही. गुजरातीत झाडाला ‘आंबो’ म्हणतात, पण त्याच्या फळाला, मग ते कितीही पिकलेले असो, ‘केरी’ हाच शब्द आहे. त्यामुळे मुंबईचा गुजराती दुकानदार ‘हाफूस केरी’ मागतो तेव्हा रत्नागिरीकडचा माणूस क्षणभर बुचकळ्यात पडतो. शास्त्रज्ञांनीही तेच केले. लिनियसने १७५३ मध्ये आंब्याच्या झाडाला ‘मँजिफेरा इंडिका’ हे नाव दिले. त्यातील लॅटिन ‘फेरा’ म्हणजे धारण करणारी. शब्दशः अर्थ काढला तर झाडाचे शास्त्रीय नाव ‘कैऱ्या धरणारी, भारतातली’ असे होते.

आता बरणीकडे येऊ. आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला जाणाऱ्या गलबताला कित्येक महिने लागत, आणि पिकलेला आंबा आठवडाभरही दम धरत नाही, हे आढी घालणाऱ्याला सांगायला नको. जे जाऊ शकत होते ते लोणचे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या घराघरांत ‘मँगो’ या नावाने जे पोहोचले ते आंबट, खारट, मसाला भरलेले आणि बरणीतून काढलेले होते. ज्याने झाड पाहिलेले नाही, फळ पाहिलेले नाही, त्याने ‘मँगो’ म्हणजे लोणच्याचाच एक प्रकार असे समजावे यात नवल नाही. लोणचे महाग पडू लागले, तेव्हा तिथल्या सुगरणींनी आपल्या परसातल्या जिनसांवर तोच प्रयोग सुरू केला. जॉन एव्हलिन या गृहस्थाने १६९९ मध्ये सॅलडविषयी ‘असेटेरिया’ नावाचे पुस्तक छापले. त्यात ‘काकडीचा मँगो’ करण्याची कृती दिलेली आहे. आंब्याएवढ्या मोठ्या, हिरव्या काकड्या घ्यायच्या, त्यांना वरून किंवा बाजूने चीर देऊन बिया कोरून काढायच्या, आत लसणाची लहानशी पाकळी ठेवायची, चिनी मातीसारख्या रोगणाच्या भांड्यात त्या रचायच्या आणि मिरी, लवंगा व जायपत्री घालून उकळलेला शिरका मिठासह कढत कढत वर ओतायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदोन कढ आणायचे, आणि सगळे पूर्ण गार झाल्यावर चमचाभर उत्तम मोहरी घालून हवा लागणार नाही असे झाकून ठेवायचे. आपल्याकडे भरल्या मिरच्या किंवा भरली कैरी घालणाऱ्या कोणत्याही बाईने ही कृती वाचली, तर शिरक्याला ती नाक मुरडील, पण ‘गार झाल्यावर मोहरी’ या वाक्याला मान डोलावील.

यानंतर इंग्रजीत ‘मँगो’ हे क्रियापदही झाले. काकडी, खरबूज, पीच, कांदा, जे काही कोरून, मसाला भरून शिरक्यात मुरवायचे, त्याला ‘मँगो करणे’ म्हणू लागले. हा शब्द आणि ही कृती वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेला गेली, आणि तिथे या कामाला सर्वांत सोयीची वस्तू सापडली ती ढोबळी मिरची, कारण तिचे पोट आधीच रिकामे असते. तिच्यात किसलेला कोबी भरून दोऱ्याने बांधून मुरत ठेवण्याची पद्धत पडली, तिला ‘मँगो मिरची’ म्हणू लागले, पुढे ‘मिरची’ हा शब्द गळाला, आणि शेवटी मुरवलेली असो वा ताजी, परसातली मिरचीच ‘मँगो’ झाली. आजीबाईंनी आपल्या मुलीला दिलेली टोपली ही अशी मलबारातून निघून, काकडीच्या पोटातून वाट काढत, काही शतकांनी तिच्या दारात आलेली आहे. मुलीने परतभेट म्हणून आजीबाईंना कैरीच्या लोणच्याची बाटली द्यावी, असे मी सुचवीन.

प्रश्न : गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय अफोंसो द आल्बुकेर्क याच्या नावावरून ‘हापूस’ हे नाव पडले, असे मी स्वतः शाळेत पस्तीस वर्षे मुलांना सांगत आले. हे कितपत खरे आहे?
— एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : बाई, अर्धे खरे आहे, आणि अर्ध्यावर विद्यार्थ्यांनी आपणांस क्षमा करावी. ‘हापूस’ हा ‘अफोंसो’ या पोर्तुगीज नावापासून आला याबद्दल शंका नाही. पोर्तुगीज माणूस ते नाव ‘अफोंसु’ असे नाकात बोलून संपवतो. कन्नडमध्ये त्याचे ‘आपूस’ झाले, गुजरातीने मूळचा घर्षणाचा उच्चार ठेवून आणि पुढे ‘ह’ जोडून ‘हाफूस’ केले, आणि मराठीने ‘ह’ ठेवून ‘फ’चा ‘प’ केला. असा आगंतुक ‘ह’ येतोच. आपल्या ‘ओठा’चा हिंदीत ‘होंठ’ झालेला आपण पाहतो. इंग्रजांनी वेगळाच घोळ घातला. ‘अफोंसो’ हे पोर्तुगीज रूप सोडून त्यांनी त्याच नावाचे स्पॅनिश वळणाचे रूप धरले, म्हणून पेटीवर ‘अल्फान्सो’ असे छापून येते.

प्रश्न उरतो तो अफोंसो कोणता, हा. आल्बुकेर्क हा व्हाइसरॉय नव्हता, गव्हर्नर होता. त्याने १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का घेतले, १५१३ मध्ये एडनवर हल्ला केला, १५१५ मध्ये होर्मुझला बस्तान बसवले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात परतताना गोव्याच्या बंदराशी येऊन तो मरण पावला. एवढ्या पाच वर्षांत कलमे बांधवून घेऊन त्यांना फळ धरलेले पाहण्याइतकी उसंत या माणसाला मिळाली असेल, असे कलमाचा अनुभव असलेल्या कोणाला तरी वाटेल का? कलमांचे श्रेय दिले जाते ते त्याच्यानंतर आलेल्या जेझुइट पाद्र्यांना.

याउलट निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाची साक्ष मला अधिक वजनदार वाटते. हा मनुष्य सतराव्या शतकाच्या मध्याला हिंदुस्थानात आला आणि पुढे मरेपर्यंत इथेच राहिला. उत्तम आंबे गोव्याचे, असे सांगून तो त्यांची नावे देतो, आणि त्या यादीत ‘निकोलाव अफोंसो’ असे एक नाव आहे. म्हणजे आंब्याच्या नावात अफोंसो आहे, पण त्याच्यापुढे ‘द आल्बुकेर्क’ नाही, आणि मागे भलतेच नाव आहे. मला तरी हेच कोकणच्या रीतीला धरून वाटते. आपल्याकडे चांगले रायवळ झाड ज्याच्या परड्यात असते त्याच्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते, आणि घर पडले, माणसे मुंबईला गेली, तरी झाडाचे नाव टिकते. जिल्हाधिकाऱ्याच्या नावाने आंबा ओळखला गेल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

पोर्तुगीजांनी आंब्याला दिलेली सगळीच नावे मानाची नव्हती. वेंगुर्ल्यापर्यंत ज्याची चव पोहोचलेली आहे तो गोव्याचा ‘मानकुराद’ म्हणजे ‘माल कोरादो’, अर्थात नीट रंग न भरलेला. खाणारे मात्र हापूस बाजूला सारून त्याच्यासाठी भांडतात. आणि मुंबईकरांना आज खरे वाटणार नाही, पण गोव्यात १५६३ मध्ये औषधी वनस्पतींवरील ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

प्रश्न : आमचा महिला बचत गट कैरीचे लोणचे, पन्हे आणि आंबोशी तयार करतो. लेबल मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापायचे आहे. ‘कैरी’ला इंग्रजीत ‘रॉ मँगो’ लिहावे, ‘ग्रीन मँगो’ लिहावे, की नुसते ‘मँगो’ पुरे?
— बचत गटाच्या अध्यक्षा, गुहागर तालुका

उत्तर : वरचे उत्तर वाचल्यावर ‘रॉ मँगो’ म्हणजे ‘कच्ची कैरी’ झाली हे आपल्या लक्षात आलेच असेल; परंतु व्युत्पत्तीच्या हट्टापायी गिऱ्हाईक घालवू नये. लोणच्यावर नुसते ‘मँगो पिकल’ छापले तरी चालेल, कारण इंग्रजीत मँगोचे लोणचे म्हटल्यावर ते कैरीचेच, हे चारशे वर्षांपासून ठरलेले आहे. पन्ह्यावर मात्र ‘मँगो ड्रिंक’ असे कदापि लिहू नये. वाचणारा पिवळ्या, गोड रसाच्या अपेक्षेने बाटली उघडील आणि वेलची-गुळाची आंबटगोड चव लागताच पेय बिघडले म्हणून तक्रार करील. तिथे ‘ग्रीन मँगो’ हे शब्द आवश्यक आहेत. ‘रॉ’पेक्षा ‘ग्रीन’ बरा, कारण पन्ह्यातली कैरी उकडलेली असते, आणि उकडलेल्या वस्तूला ‘रॉ’ म्हणणे लेबल तपासणाऱ्याला खटकेल.

आंबोशीला इंग्रजीत शब्द नाही. तिला ‘आमचूर’ म्हणू नये. तो हिंदी शब्द पुडीचा आहे आणि आपल्या पाकिटात उन्हात वाळवलेल्या फोडी आहेत. ‘आंबोशी’ हेच नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत ठळक छापावे, आणि खाली बारीक अक्षरांत ‘मीठ लावून उन्हात वाळवलेल्या कैरीच्या फोडी, आमटीत किंवा माशाच्या कालवणात घालण्याआधी पाण्यात भिजवाव्यात’ एवढे इंग्रजीत लिहावे. तुमच्या गटात मीठ न लावता वाळवत असतील, तर ते दोन शब्द वगळावेत.